त्या पैशाचा दाणा

बँकेची पायरी चढता चढता आमचे मालक थांबले, मागं वळले आणि म्हणाले, "आज गर्दी हाय. उद्या बघू."

गर्दी कसली डोंबलाची. आत काउंटरला एक म्हातारा पेन्शनर आणि खुर्चीत पेंगणारा शिपाई. मी पासबुकाची पिशवी धरून त्यांच्या मागं उभी. बँकेच्या दारातून परत फिरायची ही काही पहिली खेप नव्हती. मागं एकदा यांना ऐन वेळी गिरणीचा पट्टा आठवला होता, एकदा वीजवाला येणार होता, आणि एकदा तर म्हणाले, सही करायचा हात दुखतोय. दिवसभर पोती उचलणारा माणूस, आणि पेन धरायला याचा हात दुखतोय! रस्त्यात बोलायची आमच्यात पद्धत नाही. घरी गेल्यावर मात्र मी सोडत नाही.

ही गोष्ट गडहिंग्लजची, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमची पिठाची गिरणी होती, गिरणीच्या मागंच घर. यांचं नाव तातोबा शिंत्रे, पण गाव त्यांना गिरणीवाले अप्पाच म्हणायचं. आम्हाला मूल झालं नाही. दवाखाने झाले, देव झाले, मग दोघांनीही तो विषय बोलायचा सोडून दिला. नेर्लेकर मॅडम आमच्याकडं दळण टाकायच्या. त्या बालकल्याण समितीसाठी काम करायच्या, घरोघरी भेटी देऊन मुलांची चौकशी करायच्या. त्यांनी एक दिवस दळणाची वाट बघता बघता मोनालीचं सांगितलं.

गावाबाहेर माळावर भटक्या लोकांची पालं पडायची. त्यातल्या एका पालातली ही पोर, आठ-नऊ वर्षांची. बाप वारलेला. आईच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून तिला लांबच्या सरकारी इस्पितळात ठेवलेलं. मॅडमनी पुन्हा पुन्हा बजावलं, की हे दत्तक नव्हे. पोर तिच्या आईचीच राहणार, आई बरी झाली की न्यायला येणार, तोवर तुम्ही घरच्यासारखी वाढवायची. त्यासाठी महिन्याला सरकारचे पैसे मिळतात, खातं पोरीच्या आणि सांभाळणाऱ्याच्या नावावर मिळून असतं, आणि समिती वरचेवर येऊन बघते, की घर धड चाललंय का, पैसा पोरीवर लागतोय का. मी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "कधी आणताय?"

पोर आली ती पायात चप्पल नाही, केसांच्या जटा आणि डोळे हे एवढे. मला आत्ती म्हणायला लागली, यांना अप्पा. दोन दिवसांत ती यांच्या मागं मागं गिरणीत. यांनी तिला जात्याची फट कशी कमी-जास्त करायची ते दाखवलं, बोटात पीठ घेऊन बारीक-जाड कसं ओळखायचं ते शिकवलं. एरवी चार शब्द बोलणं ज्यांना जड, ते या पोरीशी दिवसभर बोलत. मला तर हेवाच वाटायचा.

लोकांना बघवतंय होय! यांची थोरली बहीण, आक्का, गावातच पण पार दुसऱ्या टोकाला दिलेली. ती येऊन उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, बरं केलंस बाबा, घरबसल्या सरकारी पगार सुरू झाला. मी तिला चांगलं सुनावणार होते, पण यांनी डोळ्यानंच गप्प केलं. आणखी एक बाई तर मोनालीचा हात लागला म्हणून दळणाचा डबा उचलून लांब ठेवायला लागली. पोर ते बघून मुकाट घरात निघून गेली. ती गेल्यावर यांनी त्या बाईचा डबा न दळता तसाच परत दिला आणि सांगितलं, उद्यापासनं दुसरी गिरणी बघा. पण हे पोरीनं बघितलं नाही. तेव्हापासून ती कुणाच्या डब्याजवळ जाईनाशी झाली. मी म्हटलं, शहाणी झाली पोर.

आता त्या पैशाचं. कधी चार-चार महिने यायचे नाहीत आणि मग एकदम यायचे. पहिले आले तेव्हा मी म्हटलं, पोरीला शाळेचे बूट घेऊ, दोन फ्रॉक घेऊ, महिन्याची ज्वारी भरू. हे म्हणाले, राहू दे. बूट यांनी गिरणीच्या गल्ल्यातनं आणले. फ्रॉकही तसेच. मला वाटलं, आक्काचं बोलणं लागलंय, निवळेल हळूहळू. कुठलं निवळतंय! वर्ष उलटलं तरी पासबुकात पैसे नुसते जमा, एक रुपया बाहेर नाही.

मग मोनालीचं अपेंडिक्स निघालं. रात्रीतनं पोट दुखायला लागलं, डॉक्टर म्हणाले ताबडतोब ऑपरेशन. खर्चाचा आकडा मोठा होता, पण मी मनाशी म्हटलं, बँकेत पोरीचे आहेत की, त्याच्यासाठीच तर दिलेत. मी पासबुक घेऊन दवाखान्यात जाते, तर यांनी पैसे भरलेले. कुठनं आणले म्हणून विचारलं तर हे औषधं आणायला निघाले. घरी येऊन बघते, तर गिरणीतला कोपरा रिकामा. चटणी कांडायचं यंत्र विकलं होतं. तेही चटणीचा हंगाम तोंडावर आलेला असताना! उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत ते यंत्र आमचं अर्धं वर्ष काढायचं.

पोर घरी येईपर्यंत मी दम धरला, आणि त्या दिवशी कंबर कसून भांडले. एरवी भांडायचे ते तोंडानं, त्या दिवशी जिवानं भांडले. म्हटलं, बँकेत तिचे पैसे कुजतायत आणि तुम्ही घरचं यंत्र विकता, ही कुठली तऱ्हा? आक्काला भिता का? हे भिंतीकडं बघत बसले. मी सोडेना, तेव्हा एकदम म्हणाले, "त्या पैशाचा दाणा माझ्या घरात येणार न्हाई. माझ्या ताटात तर न्हाईच न्हाई."

मोनाली दवाखान्यातून आली होती आणि आतल्या खोलीत अंथरुणावर पडून होती. मला वाटलं झोपलीय.

उन्हाळा गेला, चटणीवाली गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली आणि त्यांच्याबरोबर दळणंही गेली. घरात ओढाताण सुरू झाली. दूध कमी केलं, तेल बेतानं वापरायला लागले. पोरीच्या ताटात काही कमी पडू दिलं नाही, पण माझ्या जिवाला घोर लागला तो लागलाच. बसलेली असले की उठावंसं वाटे, उठले की काय करायला उठले ते आठवेना. अशातच नेर्लेकर मॅडम भेटीला आल्या. त्यांनी गिरणीतला रिकामा कोपरा बघितला, पासबुक बघितलं आणि चष्मा काढून हातात घेतला. म्हणाल्या, शालनताई, मला हे लिहावं लागेल. तुमचं उत्पन्न निम्म्यावर आलंय आणि पोरीचे पैसे तसेच पडलेत. समितीला वाटणार, की हे लोक पैसे साठवून ठेवतायत आणि पोर गेली की एकदम काढणार. असे लोक असतात. तुम्ही तसे नाही हे मला माहीत आहे, पण माझ्या माहीत असण्याला तिथं काय किंमत?

म्हणून तर मी यांना घेऊन बँकेत गेले होते. म्हटलं, समितीचं बोलावणं यायच्या आत थोडे तरी काढू, काही घेऊ, पावती करू. आणि हे पायरीवरून परत फिरले.

बोलावणं आलंच. जिल्ह्याच्या गावी जायचं होतं. नेर्लेकर मॅडम बरोबर होत्या, मोनालीला त्यांनी एसटीत आपल्याजवळ बसवलं. मी वाटेत यांना दहादा विचारलं, तिथं काय सांगणार आहात? हे म्हणाले, बघू. या माणसाच्या "बघू"नं माझं निम्मं आयुष्य खाल्लंय.

समितीच्या खोलीत लांब टेबल, त्याच्या पलीकडं तिघं-चौघं. अध्यक्षबाई वयस्कर होत्या, आवाज मऊ, पण प्रश्न एकदम सरळ. मोनालीला बाहेर बाकावर बसवलं होतं. मी सगळं भडाभडा बोलून टाकलं, की पोरीला शाळेत घातलंय, तिचं ऑपरेशन केलंय, तिचं वजन वाढलंय, हवं तर डॉक्टरांना विचारा. बाई म्हणाल्या, ते सगळं अहवालात आहे, मुलगी खुशाल दिसते. पण पैसे का वापरले नाहीत एवढंच सांगा. यंत्र विकायची वेळ आली, तरी का नाही?

मी यांच्याकडं बघितलं. हे टोपी हातात घेऊन उभे. मला वाटलं, आता सांगतील, बहीण बोलली म्हणून. तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"मॅडम," हे म्हणाले, "आमच्यात लेकीचं खात न्हाईत."

मीसुद्धा हे पहिल्यांदाच ऐकत होते.

"माझा बा आक्काच्या घरी जायचा तर पाण्याचा तांब्या संगं न्यायचा. उन्हाचा चालत गेला तरी लेकीच्या घरचं पाणी त्यानं तोंडाला लावलं न्हाई. लेकीला द्यायचं असतंय. तिचं घ्यायचं नसतंय. हे पैसे पोरीच्या नावानं आल्यात. ते मी काढू, त्याची ज्वारी आणू, आणि त्या ज्वारीची भाकरी मी खाऊ? ते न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं संसार केला आणि या माणसाच्या मनात काय आहे ते मला टेबलापलीकडच्या परक्या माणसांबरोबर कळलं. रागही आला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटला.

अध्यक्षबाईंनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "तातोबा, तुमचं मन मला कळलं. पण ती तुमची लेक नाही. कागदावर नाही, आणि तिची आई उद्या बरी होऊन दारात आली तर घरातही नाही. लेकीसारखी वाढवा, आम्हाला तेच हवंय. पण तुम्ही तिचे सांभाळणारे आहात आणि हे पैसे तिच्या अन्नाचे, कपड्याचे, औषधाचे आहेत. ते वापरायला तुम्ही तयार नसाल, आणि त्यापायी तुमचंच घर खाली येत असेल, तर पोर तिथं ठेवता येणार नाही. दुसरं कुटुंब बघावं लागेल."

पुढच्या सोमवारी पैसे काढल्याची नोंद आणि खर्चाच्या पावत्या घेऊन यायचं, असं ठरलं. नाही आलो, तर मोनालीला त्याच दिवशी तिथं सोडून जायचं.

परतीच्या एसटीत हे खिडकीकडं तोंड करून बसले. अर्धी वाट गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "एकदा पैसे काढलं की मीच मान्य केलं म्हण की, ती आपली न्हवं."

"आणि नाही काढले तर?" मी म्हटलं. "तर ती जातेच की."

हे पुन्हा खिडकीकडं वळले. पुढं मोनाली नेर्लेकर मॅडमच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. रोज सकाळी मी पासबुक यांच्यासमोर ठेवी, रोज हे दळणाला बसत. मी भांडून बघितलं, रडून बघितलं, अबोला धरून बघितला. शेवटी आक्काकडं गेले. म्हटलं, तुमच्या भावाला समजवा. आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तांब्याचं त्याच्या अजून ध्यानात आहे होय? आणि पदर डोळ्याला लावून बसली. तिच्याकडून काही होईना. मोनालीला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण पोरांना काय सांगावं लागतं? ती कामाला हात लावायला लागली. न सांगता भांडी घासायची, अंगण झाडायची, जेवताना अर्ध्या भाकरीवर उठायची. तिला तसं बघून माझा जीव थाऱ्यावर राहीना.

शनिवार उजाडला. बँक दुपारपर्यंतच. हे गिरणीत, मोटार चालू, माणूस पांढराफटक पिठानं. मी दारात उभी, आत-बाहेर करत. तेवढ्यात मोनाली माझ्या बाजूनं गिरणीत शिरली आणि यांच्यासमोर जाऊन काहीतरी बोलली. जात्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. यांनी हात कानाला लावला. ती पुन्हा बोलली. मग यांनी खटका पाडला आणि मोटार बंद केली.

"काय म्हणालीस?"

"माझ्या पैशाची ज्वारी आणली तर तुमी खाणार न्हाई, न्हवं?"

"कोण म्हणालं तुला?"

"तुमीच म्हणाला. आत्तीला. ताटात नको म्हणून." पोर खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमिनीवरचं पीठ गोळा करत होती. "मला ठावं हाय, अप्पा. आमचं कोणच खात न्हाई. आईनं एकदा एका बाईला वडी दिलती, तर तिनं आमच्या म्होरंच गटारीत टाकली. पर ह्ये पैसे सरकारनं दिल्यात. त्याला आमचा हात लागलेला न्हाई. म्हंजे चालंल की तुमास्नी?"

मी चौकटीला धरलं. ज्या बोलण्यात यांनी त्या पोरीला लेकीच्या जागी बसवलं होतं, तेच बोलणं ती पोर इतके महिने त्या गटारातल्या वडीसारखं उराशी धरून हिंडत होती. आमच्याच घरात, आमच्याच ताटाला बसून.

मला वाटलं, आता तिला समजावतील, की अगं पोरी, तसं नव्हं, तू माझी लेक म्हणून. पण हे उठले. अंगावरचं पीठ न झाडता, पायात काही न घालता माझ्यासमोर आले आणि हात पुढं केला.

"पासबुक दे."

मी दिलं. बँक बंद व्हायला थोडाच वेळ होता. गिरणीत दोघी-तिघी बायका डबे घेऊन थांबलेल्या, त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मी त्यांना म्हटलं, बसा नाहीतर जा, आज आमचं दळण आधी. मोनालीला जवळ ओढलं, तर तिचं अंग काठीसारखं ताठ.

हे परत आले ते रिक्षातनं, ज्वारीचं पोतं घेऊन. पावती माझ्या हातात दिली. (तीच पावती सोमवारी दाखवली आणि पोर आमच्याकडं राहिली, तिची आई बरी होऊन येईपर्यंत.) पोतं स्वतःच फोडलं, मोनालीला हाक मारली आणि म्हणाले, टाक तू. ती पायली भरून ज्वारी वर टाकत होती आणि हे खाली पिठाला हात लावून बघत होते. ज्या बायका थांबल्या होत्या त्यांच्यादेखत ते पीठ पडलं. मग यांनी डबा उचलून माझ्याकडं दिला.

मी भाकरी केल्या, वांग्याचं कालवण होतंच. हे चुलीजवळ येऊन बसले. मी भाकरी वाढायला गेले, तर हातानं थांबवलं.

"तू नको. तिला वाढू दे."

मोनालीनं माझ्याकडं बघितलं, मग दुरडीतली भाकरी उचलून त्यांच्या ताटात ठेवली आणि समोर उकिडवी बसली. तिची नजर त्यांच्या तोंडावर होती. यांनी भाकरी मोडली. तुकडा हातात धरून जरा वेळ बसले. त्यांचा बाप, तो तांब्या, ते सगळं त्या घडीला त्यांच्या डोळ्यांपुढं आलं असणार, ते मला लख्ख दिसत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. मग त्यांनी तुकडा कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. डोळ्यांतनं पाणी गालावरच्या पिठात ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. सगळी भाकरी संपवली.

"तिखट लागलं, अप्पा?" मोनालीनं विचारलं.

"लागलं की," हे म्हणाले. "आणि एक वाढ."

पोरीनं दुसरी भाकरी त्यांच्या ताटात टाकली. मग मला न विचारता भिंतीकडेचं ताट ओढलं, स्वतःला एक अख्खी वाढून घेतली आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून जेवायला बसली.